सांध्याचा मालक कोण?

नागपूरजवळच्या बुटीबोरी आणि हिंगण्यातल्या उद्योजकांच्या बैठकांत हल्ली एक वाद हमखास रंगतो. उत्पादन एका सॉफ्टवेअरवर, स्टोअर दुसऱ्यावर, हिशेब टॅलीत, पगार तिसरीकडे आणि डिस्पॅच एक्सेलच्या शीटवर. हे सगळं एकत्र आणायचं कसं? एक पक्ष म्हणतो, जुनं सगळं मोडीत काढा आणि एकच मोठी ईआरपी, म्हणजे सगळी खाती एकत्र चालवणारी प्रणाली, आणा. दुसरा म्हणतो, चालतंय ते चालू द्या, मध्ये एपीआय, म्हणजे दोन सॉफ्टवेअरना एकमेकांशी बोलायचं दार, टाका आणि जोडून घ्या. ईआरपी विकणाऱ्या एसएपी या कंपनीने आपल्या जुन्या ईसीसी आवृत्तीची नेहमीची देखभाल २०२७ अखेर थांबवण्याचं जाहीर केल्यापासून वादाला धार आली आहे. मोठ्या कंपन्यांना आता निर्णय पुढे ढकलता येत नाही, आणि त्यांच्यामागे फरफटणाऱ्या पुरवठादारांनाही. वाद महत्त्वाचा आहे, पण भलत्याच मैदानावर लढला जातो आहे. दोन्ही पक्ष सॉफ्टवेअरबद्दल तावातावाने बोलतात. माल गेटवर आल्यापासून पैसे पुरवठादाराच्या खात्यात जाईपर्यंतची जी वाट आहे, तिच्याबद्दल कुणीच बोलत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. प्रणाल्या किती असाव्यात, हा दुय्यम प्रश्न आहे. काम एका खात्याच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत जिथे शिरतं, त्या प्रत्येक सांध्याला नावानिशी एक जबाबदार माणूस आहे का? आणि त्याला दोन्हीकडच्या खातेप्रमुखांना ‘नाही’ म्हणायचा अधिकार आहे का? जोडणी टिकते की ढासळते, ते बहुतांशी यावर ठरतं. हा माणूस नसेल तर एकच प्रणाली आणून उपयोग नाही, आणि पन्नास एपीआय टाकूनही नाही.

हा तर कंपन्यांच्या घरातला मामला, त्यावर जाहीर चर्चा कशाला, असं कुणी म्हणेल. पण या सांध्यांची किंमत बहुतेक वेळा कंपनी मोजतच नाही. हिंगण्याच्या एखाद्या छोट्या फाउंड्रीने मोठ्या कारखान्याला कास्टिंग पुरवलं असं समजा. खरेदी खात्याने ऑर्डर काढली नगांत. गेटवर काट्याची पावती निघाली किलोत. स्टोअरने त्या पावतीवरून जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, केला, तोही किलोत. फाउंड्रीचं बिल आलं ऑर्डरप्रमाणे नगांत. अकाउंट्सच्या संगणकात ऑर्डर, जीआरएन आणि बिल एकमेकांशी ताडले जातात. तिन्ही जुळले नाहीत की बिल ब्लॉक. परचेसला वाटतं बिल अकाउंट्सकडे आहे. अकाउंट्सला वाटतं स्टोअर जीआरएन दुरुस्त करेल. स्टोअरच्या पडद्यावर तर काहीच अडलेलं नाही, कारण माल आला, तपासून झाला आणि वापरलाही गेला. फाउंड्रीचा मालक महिनाभर तिघांना फोन करत बसतो, आणि तिघेही खरंच बोलत असतात.

कायदा इथे स्पष्ट आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी करार असला तरी लहान पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांपलीकडे थकवता येत नाहीत. करारच नसेल तर मुदत १५ दिवसांची. मालाबद्दल १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला तो दिवसच स्वीकृतीचा दिवस धरला जातो. म्हणजे कायद्याचं घड्याळ माल उतरला तेव्हा सुरू होतं, तुमच्या प्रणालीत जीआरएन पोस्ट झाला तेव्हा नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, तेही दरमहा चक्रवाढीने व्याज. त्यात आयकर कायद्याच्या ४३बी कलमात ‘एच’ हे उपकलम आलं आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून सूक्ष्म व लघु पुरवठादारांची मुदतीबाहेर थकलेली रक्कम, ती प्रत्यक्ष चुकती होईपर्यंत, खर्च म्हणून वजा करता येईनाशी झाली. एवढं सगळं कागदावर असूनही लहान उद्योजक तक्रार करायला धजत नाही, कारण समोर बहुधा त्याचा सर्वांत मोठा, कधी कधी एकमेव गिऱ्हाईक असतो. दोन सॉफ्टवेअरमधल्या फटीत अडकलेलं बिल त्याच्या दृष्टीने थकलेलंच बिल आहे. मोठ्या कंपनीची अंतर्गत जोडणी हा म्हणून सार्वजनिक प्रश्न आहे.

आता एकछत्री पक्षाचं म्हणणं. ते मी हलकं करून मांडणार नाही, कारण त्यात दम आहे. एकाच ईआरपीत स्टोअरने माल जमा केला की साठ्याची नोंद आणि हिशेबाची नोंद एकाच व्यवहारात होते. दोन्ही होतात, नाहीतर एकही होत नाही. मध्ये निरोपच नसेल तर तो हरवणार कसा? व्हेंडरचा, म्हणजे पुरवठादाराचा, कोड एक, मालाचं मास्टर, म्हणजे मूळ यादी, एक, एककं एकदाच ठरलेली. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराचा माग ठेवणं सक्तीचं झालं आहे. पाच ठिकाणांहून एक्सेलने उचलून आणलेल्या नोंदींचा माग लावायला ऑडिटर बसला की विखुरलेल्या कारभाराचे चटके बसतात. जिथे देवाणघेवाण दाट आहे तिथे सांधाच काढून टाकणं हा उत्तम उपाय आहे, हे मला शंभर टक्के मान्य.

पण कारखान्याची वाट कारखान्याच्या भिंतीशी संपते का? काटा बाहेरच्या कंपनीचा असतो. वाडीच्या ट्रान्सपोर्टरची बिल्टी त्याच्या वहीत किंवा त्याच्या ॲपमध्ये असते. बँक वेगळी, जीएसटीचं पोर्टल वेगळं, ग्राहकाची ईआरपी वेगळी, कंत्राटी कामगारांची हजेरी ठेकेदाराकडे. एकछत्री ईआरपी आणल्यावर आतले सांधे जातात आणि उरलेले सगळे भिंतीवर येऊन बसतात. आणि भिंतीवरचा सांधा कुणाचा, यावर तर आतल्यापेक्षा जास्त टोलवाटोलवी होते. दुसरं म्हणजे, सॉफ्टवेअर एक झालं म्हणून काम करायची रीत एक होत नाही. जर्मनीच्या लिडल या सुपरमार्केट साखळीने कित्येक वर्षं चालवलेला एसएपीचा प्रकल्प २०१८ साली गुंडाळला. खर्चाचा आकडा पन्नास कोटी युरोंच्या घरात सांगितला गेला. त्या वेळच्या बातम्यांत एक कारण ठळकपणे आलं होतं. लिडल आपल्या साठ्याचं मूल्य खरेदीच्या भावाने धरत असे, तर त्या सॉफ्टवेअरची घडण विक्रीच्या भावावर बेतलेली होती. कंपनीला रीत बदलायची नव्हती, म्हणून सॉफ्टवेअर वाकवत राहिले. साठ्याचं मूल्य कसं धरायचं, हा निर्णय खरेदी, दुकानं आणि लेखा या तिघांवर बसलेल्या कुणीतरी सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी करायचा असतो. तो तिथे वेळेवर झाला नाही, एवढं तरी निकालावरून दिसतं.

अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीचं १९९९ सालचं प्रकरण या क्षेत्रात वर्षानुवर्षं सांगितलं जातं. एसएपी, मागणीचं नियोजन करणारं मॅन्युजिस्टिक्स आणि ग्राहकांसाठीचं सीबेल, अशा तीन प्रणाल्या एकदम सुरू केल्या. सल्लागारांनी चार वर्षांची मुदत सांगितली होती, ती अडीच वर्षांवर आणली गेली. गो-लाइव्ह, म्हणजे नवी प्रणाली प्रत्यक्ष सुरू होणं, आलं जुलैत, ऑक्टोबरअखेरच्या हॅलोविन सणाच्या ऑर्डरी यायच्या तोंडावर. गोदामात चॉकलेट होती, दुकानदारांच्या ऑर्डरी होत्या, आणि तरी दहा कोटी डॉलरहून जास्त किमतीचा माल वेळेवर पोचवता आला नाही. हे उदाहरण देणारे बहुतेक जण ‘बघा, एसएपी अवघड असतं’ असं म्हणून मोकळे होतात. मला त्यात वेगळंच दिसतं. ऑर्डर घेण्यापासून माल गाडीत भरेपर्यंतच्या अख्ख्या वाटेसाठी ‘या मुहूर्तावर सुरू करायचं नाही’ असं ठणकावून सांगणारा माणूस तिथे नव्हता. असलाच, तर त्याचं चाललं नाही. आपल्याकडे मार्च महिन्यात गो-लाइव्ह ठेवणारे महाभाग आहेतच. नवं आर्थिक वर्ष नव्या सॉफ्टवेअरवर, हे ऐकायला छान वाटतं. वर्षअखेरीच्या धामधुमीत स्टोअरचा मोजणी करणारा माणूस आणि अकाउंट्सचा ताळेबंद जुळवणारा माणूस, दोघेही तेव्हा मोकळे नसतात, हे मात्र कॅलेंडर बघून कुणालाही कळावं.

दुसऱ्या पक्षाकडे वळू. ‘चालतंय ते राहू द्या’ म्हणणाऱ्यांना मागासलेले ठरवणं सोपं आहे, पण इतिहास त्यांच्या बाजूने साक्ष देतो, आणि तोही आपल्याच शहराचा. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली आणि विदर्भाचे आठ जिल्हे मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. तोवर नागपूर राजधानी होती. सचिवालय इथे होतं, उच्च न्यायालय इथे होतं. एका दिवसात सरकार बदललं. कायदे बदलले का? विदर्भात १९५४ ची मध्य प्रदेश जमीन महसूल संहिता चालूच राहिली. मराठवाड्यात निजामाच्या राज्यातला १३१७ फसलीचा महसूल कायदा होता, तर पश्चिम महाराष्ट्रात १८७९ ची मुंबईची संहिता. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तरी तिन्ही कायदे शेजारी शेजारी चालत होते. सगळ्यांना एकच महाराष्ट्र जमीन महसूल संहिता लागू झाली ती १५ ऑगस्ट १९६७ ला. विदर्भापुरतं बोलायचं तर जवळजवळ अकरा वर्षं गेली. तेवढ्या काळात सारा वसूल होतच होता आणि फेरफारही नोंदले जात होते. कुळकायद्याचं तर विदर्भासाठी वेगळंच विधान १९५८ साली केलं गेलं. एकीकरण म्हणजे पहिल्याच दिवशी एक पुस्तक, असं समजणाऱ्यांनी हा काळ जरूर वाचावा. लहान कारखान्याच्या अकाउंटंटच्या बोटांत टॅली बसलेलं असतं. ते काढून घेऊन त्याच्या हाती परकी प्रणाली देणं महागात पडू शकतं, आणि ते नेहमी गरजेचंही नसतं.

मग अडतं कुठे? अडतं इथे, की एपीआय हे नुसतं दार आहे. दारातून काय जायचं, त्याचा अर्थ दोन्ही बाजूंना एकच आहे का आणि ते पोचलं नाही तर कुणाला कळायला हवं, हे दार ठरवत नाही. स्टोअरच्या प्रणालीतली ‘पावती तारीख’ म्हणजे गाडी गेटवर आली ती तारीख. अकाउंट्सच्या प्रणालीत त्याच रकान्यात नोंद पोस्ट झाल्याची तारीख पडते. दोन्ही बरोबर, आणि ४५ दिवसांचा हिशेब मात्र आठवड्याने चुकतो. एकच व्हेंडर एकीकडे जीएसटी क्रमांकाने ओळखला जातो, दुसरीकडे कुणीतरी टाइप केलेल्या नावाने. ‘अँड कंपनी’ पूर्ण लिहिलं की आखूड, यावरून त्याचे दोन व्हेंडर होतात. नेटवर्क तुटलं म्हणून संदेश पुन्हा पाठवला आणि पलीकडच्या प्रणालीने आधीचाही घेतला होता, तर एकच बिल दोनदा चढतं. प्रत्येक संदेशाला स्वतःचा न बदलणारा क्रमांक हवा आणि तो आधी आलेला असेल तर दुसरा नाकारायला हवा, हे प्रोग्रामर मंडळींना ठाऊक असतं. पण नाकारलेल्या आणि अडकलेल्या संदेशांची जी रांग साचते ती रोज सकाळी कोण उघडून बघणार? आयटीवाला म्हणतो, संदेश तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, आतली माहिती चुकली, ती स्टोअरची. स्टोअर म्हणतं, ही रांग आम्हाला दिसतच नाही. महिनाअखेरीला एक ज्युनिअर मुलगा दोन एक्सेल शेजारी ठेवून व्हीलुकअप हे जुळवणीचं सूत्र लावतो आणि ते जुळवतो. त्या मुलाने नोकरी सोडली की कंपनीची ‘इंटिग्रेशन’ त्याच्यासोबत पुण्याला जाते.

१९५६ च्या एकीकरणाकडे आणखी एकदा बघायला हवं. कायद्यांची पुस्तकं वेगळी ठेवता आली, पण माणसं वेगळी ठेवता येत नव्हती. मध्य प्रदेश, हैदराबाद आणि मुंबईचे नोकर एका यादीत यायला हवे होते. कुणाचं पद कुणाच्या पदाच्या बरोबरीचं? नाव सारखं म्हणून पद सारखं धरायचं, की पगार सारखा म्हणून? त्यासाठी चार कसोट्या ठरल्या: पदाचं स्वरूप आणि कामं, जबाबदारी आणि अधिकार, भरतीसाठी लागणारी किमान पात्रता, आणि सर्वांत शेवटी पगार. पगाराला शेवटची जागा मिळाली, आणि तोच तर ताडायला सर्वांत सोपा आणि सर्वांत फसवा. आजच्या भाषेत हेच मास्टर डेटाचं काम. रकान्याचं नाव जुळतं म्हणून किंवा आकडा जुळतो म्हणून दोन गोष्टी एक होत नाहीत. त्या काय काम करतात ते बघावं लागतं. इतकं करूनही सेवाज्येष्ठतेचे दावे वर्षानुवर्षं चालले. विक्रीकर खात्यातल्या अशाच एका वादाचा निकाल सर्वोच्च न्यायालयातून १९८१ साली आला, म्हणजे पुनर्रचनेनंतर पंचवीस वर्षांनी! ज्या कंपन्या व्हेंडर मास्टरची साफसफाई ‘गो-लाइव्हच्या आधीच्या पंधरवड्यात’ उरकायला निघतात, त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं, की सरकारकडे तुमच्यापेक्षा जास्त कारकून होते.

पुनर्रचना कायद्याच्या ११५व्या कलमात या वादाचं मर्म आहे. सेवांच्या एकीकरणाचा निर्णय मुंबईकडे सोपवला नव्हता आणि मध्य प्रदेशाकडेही नाही. तो केंद्र सरकारकडे होता, सल्लागार समित्यांच्या मदतीने. का? कारण दोन्ही बाजूंना आपापल्या माणसांची ओढ असणार हे उघड होतं. सांध्याचा निर्णय सांध्याच्या दोन टोकांपैकी एकाच्या हाती दिला तर दुसरं टोक तो मनापासून पाळत नाही. कारखान्यातही हेच होतं. ईआरपीचा प्रकल्प फायनान्सच्या ताब्यात गेला की स्टोअरला सतरा रकाने भरावे लागतात, त्यातले बारा फक्त फायनान्सच्या अहवालासाठी. उत्पादनाच्या ताब्यात गेला की हिशेब मागे पडतो. आयटीच्या ताब्यात गेला, आणि हेच सर्वाधिक घडतं, की सगळे निरोप सुरळीत जातात-येतात आणि बिलं तरीही अडकतात. मेल्विन कॉन्वे या संगणकतज्ज्ञाने १९६८ सालीच दाखवून दिलं होतं, की संस्थेतली माणसं एकमेकांशी जशी बोलतात तशीच तिच्या प्रणाल्यांची घडण होते. परचेस आणि अकाउंट्स एकमेकांशी ई-मेलवर भांडत असतील तर त्यांची सॉफ्टवेअरंही तेच करतील, फक्त जास्त वेगाने.

इथे सर्वांत जड आक्षेप येतो. सांध्याच्या अशा मालकाला मिळणारी ‘प्रोसेस ओनर’ ही पदवी सल्लागारांच्या स्लाइडवर छान दिसते. प्रत्यक्षात खातेप्रमुख आपल्या हद्दीत कुणाला पाय ठेवू देतात का? आपल्याकडच्या कित्येक कंपन्या कुटुंबाच्या आहेत. खरेदी मोठ्या भावाकडे, हिशेब धाकट्याकडे, आणि त्या दोघांच्या मध्ये कुठला मॅनेजर उभा राहणार? मोठ्या कंपनीत प्रमुख मुंबईत किंवा पुण्यात बसतो, प्लँट नागपुरात, आणि प्लँटच्या माणसाला मास्टरमधलं एक अक्षर बदलायला आयटीकडे विनंतीचं ‘तिकीट’ टाकून दोन दिवस थांबावं लागतं. हा आक्षेप खरा आहे आणि माझ्याकडे त्यावर जादूची कांडी नाही. पण आक्षेप घेणाऱ्यांनी त्याचं टोक गाठावं. सांध्यावर कुणी उभा राहू शकत नाही हे मान्य असेल, तर जोडणीवर पैसे खर्च करू नयेत. हाताने, कागदाने, उघडपणे काम करावं. त्यात निदान बिल कुणाच्या टेबलावर आहे ते दिसतं. मालक नसलेला सांधा संगणकात लपवणं हे कागदापेक्षा वाईट आहे. आणि कुटुंबाच्या कंपनीत तर उलट सोय आहे: दोघा भावांनी एका माणसाला शब्द दिला की तो सार्वभौम असतो. मुंबईच्या मुख्यालयातून तेवढा अधिकार मिळवायला वर्ष जातं.

जबाबदार माणूस ही गोष्ट कागदी नाही, हे ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने महागात शिकवलं. एप्रिल २०१८ मध्ये बँकेने पन्नास लाखांहून जास्त ग्राहकांचा कारभार जुन्या मालकाच्या प्रणालीवरून नव्या मालकाच्या प्रणालीवर एका शनिवार-रविवारी हलवला. माहिती नीट पोचली, प्रणाली कोलमडली. सुमारे १९ लाख ग्राहकांना काही काळ आपलं खातंच उघडता येईना. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांहून अधिक दंड केला, आणि पुढच्या वर्षी बँकेच्या तत्कालीन माहिती-तंत्रज्ञान प्रमुखाला व्यक्तिशः वेगळा दंड झाला. ठपका असा होता, की ज्या पुरवठादार कंपनीच्या भरवशावर हे स्थलांतर होणार होतं, ती खरंच तयार आहे का याची खातरजमा त्याने पुरेशी केली नाही. प्रोग्राममधली एखादी ओळ चुकली म्हणून कुणी त्याला दंड केला नव्हता.

‘इतकं नियोजन करत बसलो तर कधी सुरूच होणार नाही’ असं म्हणणारे तिसरे लोकही आहेत, आणि त्यांचं अर्धं म्हणणं मला पटतं. कागदावरची आखणी पहिल्याच गर्दीत फाटते. मालवाहतुकीसाठी लागणारं ई-वे बिल देशभरात १ फेब्रुवारी २०१८ ला सुरू करायचं ठरलं, त्याच दिवशी पोर्टलने मान टाकली आणि सक्ती मागे घ्यावी लागली. १ एप्रिलला ते पुन्हा आलं, पण आधी फक्त आंतरराज्य वाहतुकीसाठी, मग १५ एप्रिलपासून राज्यांतर्गत वाहतुकीसाठी राज्यांच्या तुकड्या पाडून. नियोजन म्हणजे मोठा दस्तऐवज असं मी म्हणतच नाही. आधी एक मालगट, एक गोदाम, मोजके पुरवठादार, असं करत वाट वाढवता येते. पण प्रत्येक टप्प्यावर थांबायचं की पुढे जायचं हे कुणी ठरवायचं, ते आधी ठरलेलं असावं लागतं. नाहीतर टप्पे पाडूनही सगळे टप्पे ठरल्या तारखेला ‘यशस्वी’ होतात.

जीएसटीने आणखी एक गोष्ट शिकवली, आणि तिच्याकडे दोन्ही पक्ष सोयीस्कर दुर्लक्ष करतात. २०१७ मध्ये कल्पना अशी होती, की विकणारा आपलं विवरण भरेल, घेणारा आपलं, आणि नंतर दोन्ही जुळवली जातील. ते जुळवणं काही महिन्यांत थांबवावं लागलं. मग ऑक्टोबर २०२० पासून ई-इनव्हॉइस आलं: बिल जन्मालाच येतं ते ठरावीक नमुन्यात, त्याला त्याच क्षणी एक क्रमांक मिळतो, आणि तो सगळीकडे त्याच्यासोबत जातो. आधी ५०० कोटींवर उलाढाल असलेल्यांना लागू झालेली ही पद्धत ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवरच्यांनाही लागू झाली. सरकारने कुणाला टॅली सोडायला लावली नाही, की एसएपी घ्यायला लावलं नाही. सॉफ्टवेअर ज्याचं त्याचं. सांध्याचा नमुना मात्र एक, आणि त्याला मालक आहे. सरकारकडे सक्तीची ताकद असते, खासगी कंपनीकडे कुठे असते, असं कुणी म्हणेल. शेकडो पुरवठादार ज्याच्या खरेदीवर जगतात त्या कारखान्याकडे ताकद नाही, हे मला कुणी समजावून द्यावं. गाडी रिकामी करण्याआधी कुठल्या कागदावर काय लिहिलेलं हवं, हे गेटवरचा सुरक्षारक्षकसुद्धा आज पुरवठादाराला सांगतोच.

एकछत्री की जोडून घ्यायचं, या वादावर नागपूरने खरं तर शंभर वर्षांपूर्वीच उत्तर दिलं होतं, रुळांवर. नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारा मार्ग आधी मीटरगेजचा होता. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केला, कारण मुंबई-कलकत्ता यांच्यामधल्या सलग मार्गावर प्रत्येक पोतं गाडीतून गाडीत बदलणं परवडणारं नव्हतं. त्याच शहरातून छिंदवाडा आणि नागभीडकडे अडीच फुटी रुळांवरच्या छोट्या गाड्या मात्र शतकभर धावत राहिल्या. नागभीडची तर २०१९ पर्यंत. तिथे माल कमी, प्रवासी कमी. इतवारी स्टेशनात उतरून गाडी बदलायची गैरसोय रूळ उखडण्यापेक्षा स्वस्त होती. वाहतूक किती, त्यावरून कुठला सांधा काढायचा आणि कुठला सांभाळायचा ते ठरलं. मला आजच्या बैठकांत हा प्रश्न ऐकूच येत नाही: अमुक सांध्यावरून दिवसाला किती नोंदी जातात, त्यातल्या किती अडकतात, आणि अडकलेल्या एका नोंदीने किती रक्कम थांबते? आठ प्रणाल्या म्हणजे अठ्ठावीस जोड्या, असं गणित मांडून मधला ‘हब’ विकणारे भेटतात. गणित बरोबर आहे, पण पगाराच्या सॉफ्टवेअरला काट्याशी बोलायचं कधीच नसतं. खऱ्या जोड्या दहा-बाराच निघतात, आणि त्यातल्या तीन-चारच जड असतात. शिवाय हब बंद पडला की सगळंच एकदम बंद पडतं.

त्या तीन-चार जड सांध्यांसाठी लागतं काय? त्या सांध्यावर पाठवलेल्या नोंदींची संख्या आणि रक्कम, पलीकडे पोचलेल्यांची संख्या आणि रक्कम, दोन्हींमधला फरक रोज सकाळी एका माणसाच्या पुढ्यात. फरक शून्य नसेल तर दुपारपर्यंत कारण, आणि ते कारण खातेप्रमुखांच्या वरच्या माणसाकडे. कुठल्याही बाजूने आवृत्ती बदलायची तर त्या माणसाची सही आधी. करारात सॉफ्टवेअर विकणाऱ्याची जबाबदारी त्याच्या भिंतीपाशी संपते असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतंच. म्हणून भिंतीबाहेरचं कुणाचं, ते आपण ठळक अक्षरांत लिहावं. हे सगळं कंटाळवाणं आहे, उद्घाटनाला फीत कापता येईल असं यात काही नाही, आणि बहुधा म्हणूनच प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात गो-लाइव्हनंतरच्या वर्षाला धेला ठेवलेला नसतो.

विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशनसारख्या संघटनांनी एसएपी विरुद्ध टॅली अशी व्याख्यानं ठेवण्यापेक्षा मोठ्या खरेदीदारांकडे एक साधी मागणी लावून धरावी. माल उतरल्यावर पुरवठादाराला जीआरएनचा क्रमांक, स्वीकृतीची तारीख आणि बिल अडलं तर उत्तर देणाऱ्या एका माणसाचं नाव लेखी मिळालं पाहिजे. हे नाव विभागाचं किंवा ‘हेल्पडेस्क’चं चालणार नाही, माणसाचं हवं. क्रमांक आणि तारीख कंपन्या लगेच देतील, त्या प्रणालीतून आपोआप निघतात. नावावर येऊन परचेस आणि अकाउंट्स एकमेकांकडे बघतील, आणि ती कंपनी दोन कोटींचं सॉफ्टवेअर घ्यायला तयार आहे की नाही, हे त्या बैठकीतच कळेल.